चिंध्यांच्या झाडावरचा मुद्देमाल

जीव वाचवणारं औषध मी पुरावा समजून झाडावरून उतरवलं, लिफाफ्यात घातलं, दोरा गुंडाळून वर सील ठोकलं आणि रात्रभर कपाटात कुलूपबंद ठेवलं. ज्या आईनं ते तिथं लटकवलं होतं तिचा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच झाडाखाली प्राण सोडायच्या बेतात होता, आणि ती एकेक चिंधी उलटून ते शोधत होती.

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीतल्या पुष्कळ हकिकती मी आजवर मिटक्या मारत सांगितल्या. ही निवृत्तीनंतरची, परक्या देशातली, आणि हिच्यात शाबासकी मिळण्यासारखं माझ्याकडे काहीही नाही. नावं कोणाचीच देत नाही. माझं छापलंच आहे, त्याला इलाज नाही.

पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी आणि आमची ही मुलीकडे आयर्लंडला गेलो. ॲथलोनपासून थोड्या अंतरावर, नदीकाठी त्यांचं गाव. मुलगी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात, जावई टेलिकॉम कंपनीत. सकाळी दोघं आपापल्या गाड्या काढून गेले की घरात आम्ही दोघं आणि जानेवारीचं धुकं. आमची ही चार दिवसांत रुळली, कुंपणावरून शेजारणींशी बोलायला लागली. माझ्याकडे खातं आलं ते कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवण्याचं. ज्या माणसाच्या एका हाकेला अख्खं ठाणं उभं राहायचं, तो आता हिरवा डबा की काळा हे मुलीला फोन करून विचारत होता. अशा माणसाला रिकामा वेळ मिळाला की तो गुन्हा शोधतो. सापडला नाही तर तयार करतो.

खबर मला शेजाऱ्यानं दिली. रोज कुत्रा घेऊन फिरणारा उंच, वाकलेला म्हातारा. त्यानं सांगितलं, की नदीच्या पायवाटेवर पुढे एक जुनी पवित्र विहीर आहे आणि तिच्यावर एक काटेरी झाड. घरात कोणी आजारी असलं की लोक त्याच्या कपड्याची चिंधी त्या झाडाला बांधतात. चिंधी कुजत जाईल तसा आजार उतरतो, असं मानतात. ते नेहमीचंच. पण अलीकडे त्या झाडावर चिंधी नसलेलं काहीतरी लटकत असतं, आणि त्याचा कुत्रा आता त्या वळणापुढे यायला तयार नसतो. एवढं बोलून तो लगेच हवामानावर घसरला, आजचा दिवस कसा ग्रँड आहे ते सांगायला लागला. खबर देऊन खबऱ्या हवामानावर घसरला की खबर पक्की, हा माझा नोकरीभरचा अनुभव. मी त्याच दुपारी निघालो.

नदीवर धुकं असं बसलं होतं, की पाण्याचा आवाज येत होता पण पाणी दिसत नव्हतं. झाड मात्र एकदम समोर आलं. पान एकही नाही. त्यांच्या जागी चिंध्या, मोजे, जपमाळा, एका लहान मुलाचा बूट. सगळ्यांतून थेंब थेंब पाणी गळत होतं, त्यामुळे झाड स्वतःशीच काहीतरी पुटपुटत असल्यासारखं वाटत होतं. आणि मधल्या फांदीवर मुठीएवढी, लोकरीची विणलेली करडी पिशवी. मी हात लावून पाहिला. सगळं झाड ओलंचिंब होतं आणि ती पिशवी कोरडी होती. म्हणजे ती टांगून फार वेळ झाला नव्हता, आणि टांगणारा मला वाटेत भेटला नव्हता.

विहिरीमागे छप्पर उडालेलं एक जुनं पंपघर होतं. त्याच्या भिंतीला टेकून कोणीतरी बसलं होतं. टोपी चेहऱ्यावर ओढलेली. मी हॅलो म्हणालो. टोपी हललीसुद्धा नाही. विहिरीला वळसा घालून मी दुसऱ्या बाजूनं गेलो तेव्हा तिथं कोणी नव्हतं. खडीवर पावलं वाजली असती, ती वाजली नव्हती. भिंतीशी दबलेलं गवत तेवढं हळूहळू वर उठत होतं.

घरी येऊन हिला सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, की अमावास्या कधी आहे. मग मला दारातच उभं केलं आणि बाहेरच्या नळावर पाय धुवायला लावले. जानेवारीत, आयर्लंडमध्ये, बाहेरच्या नळावर. ती म्हणाली, "अहो, देश कोणताही असो, झाडाला लटकवलेल्या वस्तूला हात लावू नये. आणि तुम्हाला पेन्शन गप्प बसण्याची मिळते."

दुसऱ्या दिवशी मी टेहळणीला बसलो. विहिरीच्या वरच्या अंगाला एक पडकी दगडी भिंत आहे, तिच्या आडोशाला. जावयाचा काळा कोट घातला होता, तो मला घोट्यापर्यंत यायचा. दुपार कलायला लागली तशी पायवाटेनं एक बाई आली. साठीच्या पुढची, डोक्यावर रुमाल, पायांत गमबूट. तिनं फांदीवरची पिशवी काढून खिशात टाकली, दुसऱ्या खिशातून तशीच दुसरी काढली, क्षणभर गालाला लावली आणि टांगली. मग बुंध्यावर हात ठेवून ती बोलायला लागली. तिथं कोणीही नव्हतं.

"दार उघडंच आहे," ती झाडाला म्हणाली. "मटण मंद आचेवर ठेवलंय. फार उशीर करू नकोस."

फोनवर पलीकडच्याला बोलू द्यावं तशी ती थांबली. धुक्यातून उत्तर आलं नाही. आला तो एक आवाज, पंपघराच्या बाजूनं. खोल, घोगरा, घोरल्यासारखा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तसाच. बाई मान तिरकी करून ऐकत राहिली, आवाज बदलला, कुशीवर वळल्यासारखी खसफस झाली, तशी ती आल्या वाटेनं निघून गेली.

माझ्या अंगावर काटा आला होता हे मी कबूल करतो. पण पोलिसाच्या अंगावर काटा आला की तो लगेच त्याचं कलम शोधतो. मी प्रकरण तिथंच उलगडलं. दार उघडं आहे म्हणजे रस्ता साफ. मंद आचेवरचं मटण म्हणजे माल तयार. उशीर करू नकोस, याला तर अर्थही शोधावा लागला नाही. म्हातारी माल पोचवते, झाड हा अड्डा, आणि पंपघरातला गिऱ्हाईक. अशा म्हाताऱ्या मी आमच्याकडे गांजाच्या प्रकरणांत पाहिल्या होत्या.

मी खाली उतरलो आणि पिशवी काढून घेतली. पंपघरातला आवाज चालूच होता. डोकावून पाहायचं मनात आलं. पण झोपलेल्या माणसावर कोणतंही कलम लागत नाही, आणि मुद्देमाल हाती आल्यावर आरोपीला सावध करायचं नसतं. मी घरी आलो.

जेवणाच्या टेबलावर जप्तीची तयारी केली. पिशवीत पिवळ्या प्लॅस्टिकची छोटी डबी, तिच्यात दोन बंद पाकिटं, आत पांढरी टोकदार नळकांडी. चष्मा लावून वाचलं, नालोक्सोन हायड्रोक्लोराइड. हायड्रोक्लोराइड वाचून मला जो आनंद झाला तो नातवाच्या जन्माला झाला असता. तसल्या शेपटाचा माल मी नोकरीत पकडलेला होता, कागदांवर तो शब्द शेकडो वेळा लिहिला होता. ही खांद्यावरून वाकून म्हणाली, की अहो हे नाकात मारायचं दिसतंय, कोणाचं सर्दीचं औषध तर नाही ना आणलंत उचलून. मी तिला समजावलं, की तस्कर काय वाट्टेल त्या वेष्टनात माल घालतात. मुलीनं डबी पाहताच ओळखली असती, पण ती कामासाठी वॉटरफोर्डला गेली होती. जावयाला विचारायचं मला कमीपणाचं वाटलं.

पंचनामा म्हटला की दोन पंच हवेत. एक मिळाला पार्सल द्यायला आलेला. त्यानं पार्सलची पोच समजून सही केली. दुसरा बॉयलर दुरुस्त करायला आला होता. त्याला मी काय चाललंय ते सगळं समजावलं. तो दोनदा ग्रँड म्हणाला आणि त्यानंही सही केली. लाख नव्हती, म्हणून नाताळची उरलेली लाल मेणबत्ती वितळवली. दोऱ्याला आमच्या पद्धतीच्या दुहेरी गाठी मारल्या, त्यांवर मेण ओतलं आणि इथल्या नाण्यावरच्या वीणेसारख्या वाद्याचा ठसा उठवला. इतकं देखणं सील मी नोकरीतही मारलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या कपाटात, ज्याला मुलगी आता इथल्या लोकांसारखं 'प्रेस' म्हणते, त्यात लिफाफा ठेवून कुलूप लावलं आणि समाधानानं झोपलो.

सकाळी ठाण्यात गेलो. तिथल्या पोलिसांना लोक नुसतं 'गार्ड' म्हणतात. आमच्या ठाण्याला जो वास असतो, घामाचा, चहाचा, ओल्या कागदांचा, तो तिथं नव्हता. बाकावर कोणी बसलेलं नव्हतं, कोठडीतून कोणी ओरडत नव्हतं. काउंटरमागे एकच सार्जंट होती, पस्तिशीची, बाह्या वर केलेल्या. मी निवृत्त पोलीस अधिकारी आहे हे सांगायला तोंड उघडलं, तोवर तिची नजर माझ्या वयावर आणि हातातल्या लिफाफ्यावर जाऊन परत आली होती. मी किटसाठी आलोय असं तिनं धरलं. किट प्रत्येकाला मिळेल, पण आधी धडा घ्यावा लागेल, असं म्हणून ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली.

खोलीत टेबलावर कमरेच्या वरचाच एक रबरी पुतळा पडला होता. डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं. आणि शेजारी पुठ्ठ्याचा खोका, पिवळ्या डब्यांनी काठोकाठ भरलेला.

पहिला विचार आला तोही सांगून टाकतो. मला वाटलं, ठाणंसुद्धा सामील आहे.

सार्जंट तोवर सुरूही झाली होती. आरोग्य खात्याची एक नर्स आणि ती मिळून दर गुरुवारी गावच्या हॉलमध्ये ही किटं वाटतात. हेरॉइन किंवा तसल्या नशेचा डोस जास्त झाला की माणसाचा श्वास मंदावतो आणि थांबतो. हा फवारा नाकात मारला की नशेची पकड काही वेळ सुटते, रुग्णवाहिका येईपर्यंत माणूस टिकतो. डोकं मागे करायचं, टोक एका नाकपुडीत पूर्ण घालायचं, दाबायचं. एका नळकांड्यात एकच फवारा असतो, म्हणून आधी हवेत मारून बघायचा नाही. मी पुतळ्यावर करून दाखवलं. ती म्हणाली, छान. मग तिनं ओळखायचं कसं ते सांगितलं. ओठ निळे किंवा राखाडी. हाका मारून उठत नाही. आणि आवाज. "घोरतोय असं वाटतं," ती म्हणाली. "घरचे म्हणतात, झोपू दे. ती झोप नसते."

मी लिफाफा टेबलावर ठेवला.

"हे कुठून आणलंत?"

"विहिरीवरच्या झाडावरून. जप्त केलं."

"कधी?"

"काल दुपारी."

माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात छोटी चौकशी, आणि मी टेबलाच्या चुकीच्या बाजूला. तिनं फोन उचलला आणि पिशवी टांगणाऱ्या त्या बाईला लावला. वाजत राहिला. वाजत असतानाच तिनं दोन वाक्यांत सांगितलं. त्या बाईचा मुलगा तिथं बसतो. हॉलमध्ये गार्ड असतात म्हणून तो किट घ्यायला येत नाही, आणि नशेत असला की आईला तोंड दाखवायचं नाही म्हणून घरी जात नाही. म्हणून किट आईनं घेतलं आणि झाडाला लटकवलं. तिथं बसणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत आहे. "तुमच्याशिवाय," असं ती म्हणाली नाही. फोन ठेवून तिनं गाडीची किल्ली घेतली. गाडीचा रस्ता पुलावरून वळसा घालून जातो, नदीची पायवाट जवळची. तिनं खोक्यातली एक डबी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, पळा.

मी पळालो. पुलाच्या पायऱ्या उतरल्यावर हाताकडे पाहिलं, तर हातात माझा सीलबंद लिफाफा होता. नवी डबी मी टेबलावरच ठेवून आलो होतो. मुद्देमाल परत करायचा तर तोच, त्याच जागी, हे इतक्या वर्षांत हाडांत इतकं भिनलं होतं, की हातानं डोक्याला न विचारता निवड केली.

झाड दिसायच्या आधी तो आवाज आला. कालचाच. फक्त दोन आवाजांमधली शांतता आता इतकी लांबली होती, की प्रत्येक वेळी वाटावं हा शेवटचा. मग धुक्यातून झाड पुढं आलं आणि त्याला हात फुटलेले दिसले. ती आई होती. फांद्यांत हात घालून चिंधीमागून चिंधी चाचपत होती, उलटवत होती, सोडत होती. मोजे पिळून पाहत होती. त्या लहान बुटात तिनं बोटं घालून पाहिली. तोंडानं ती मुलाला सांगत होती, अगदी हलक्या आवाजात, की इथंच ठेवलंय, आत्ता मिळेल, इथंच ठेवलंय. तो तिच्या पायांशी पडला होता. तिशीचा असेल. ओठ राखेच्या रंगाचे. रुग्णवाहिकेला तिनं कळवलं होतं. दुसरी डबी घरी होती, पण त्याला सोडून घरी जायची तिची छाती होत नव्हती.

मी गुडघ्यांवर बसलो आणि माझ्या गाठी सोडवायला लागलो. त्या सुटेनात. चोराला उघडता येऊ नयेत म्हणूनच त्या मारायच्या असतात. दातांनी मेण फोडलं. नाताळची मेणबत्ती दालचिनीच्या वासाची होती, ती चव आजही अधूनमधून तोंडात येते. त्याचा आवाज आता येत नव्हता. दोरा एकदाचा तुटला, डबी उघडली, नळकांडं हातात आलं, आणि नीट चालतंय ना ते पाहायला मी ते हवेत दाबलं.

पांढरा फवारा धुक्यात गेला आणि दिसेनासा झाला.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसरं नळकांडं तिनं माझ्या मांडीवरून उचललं, मुलाचं डोकं मागे केलं, टोक नाकात घातलं आणि दाबलं. पोराच्या नाकात लहानपणी औषध घालावं तसं. मग तिनं तोंडानं त्याला श्वास द्यायला सुरुवात केली. मी तिथं काय करत होतो विचाराल तर चिंध्यांकडे पाहत होतो. इतक्या घरांतली आजारपणं तिथं टांगलेली, आणि मी त्यांतलं एकमेव औषध उतरवून नेलं होतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. सार्जंट धुक्यातून धावत आली, तिनं तिच्याजवळचा दुसरा फवारा दिला. मग एक खरखर झाली. त्याची छाती वर उचलली गेली. पुन्हा एकदा. ओठांवरची राख हळूहळू उतरली. त्यानं डोळे उघडले, आईला पाहिलं, मला पाहिलं आणि आम्हा सगळ्यांना एक जोरदार शिवी घातली. म्हातारी त्या शिवीवर रडायला लागली.

रुग्णवाहिका आल्यावर त्याला जायचं नव्हतं. औषधाचा असर ओसरला की श्वास पुन्हा जाऊ शकतो, म्हणून सार्जंटनं त्याला धमकावून चढवलं. तेवढ्यात मी म्हातारीला सगळं सांगितलं. कालचा तो आवाज मी ऐकून निघून गेलो होतो, हेही. ती म्हणाली, काल तो खरोखरच झोपला होता, सहाच्या सुमाराला उठून घरी आला, जेवला. आज सकाळी तो पुन्हा इथं आला, आणि झाडावर पिशवी आहेच या भरवशावर ती रिकाम्या हातानं मागोमाग आली. ती रोज त्याचा श्वास ऐकूनच निघते. थंडीनं औषध गोठू नये म्हणून रोज दुपारी घरची उबदार डबी आणून टांगते आणि आदल्या दिवशीची परत नेते. मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

माझ्यावर गुन्हा दाखल करावा असं मी सार्जंटला सुचवून पाहिलं. तिनं त्याऐवजी दर गुरुवारी हॉलमध्ये किटवाटपाला यायची शिक्षा दिली. तिथं मी पुतळा पुसतो, खोके उचलतो, आणि फवारा हवेत मारायचा नाही हे सांगायची पाळी आली की ती माझ्याकडे बोट करते. नोकरीभर वस्तू दिसली की मी विचारत आलो, ही कोणाची? ही कोणासाठी, असं विचारलं असतं तर पुष्कळ प्रकरणं वेगळी संपली असती, असं आता वाटतं. आणि आई रिकाम्या जागेशी बोलत असेल तर ती जागा रिकामी नसते, एवढं तर साध्या शिपायालाही कळायला हवं. त्या वाटेनं मी अजून फिरायला जातो. नवी पिशवी दिसते. मी हात मागे बांधून पुढं जातो.

एका गुरुवारी तो मुलगा हॉलमध्ये आला. दाराशीच उभा राहिला, टोपी मागे केलेली. उजेडात तो मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी डबी घेऊन पुढं झालो आणि बरेच दिवस जुळवून ठेवलेली माफी मागितली, सबंध, कलमवार. त्यानं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, डबी खिशात टाकली आणि जाता जाता म्हणाला, "पुढच्या वेळी तू काही करू नकोस. सरळ आईच्या हातात दे."